कोरड्या दिवसांत नदी कशावर वाहते? भूजलाच्या वाट्याचं गणित

नदीच्या प्रवाहाचा वर्षभराचा आलेख काढला की नजर आधी पुराच्या उंच टोकांवर जाते. त्या टोकांनंतर जी लांबलचक, हळूहळू खाली उतरणारी रेघ असते तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. खरं तर नदीवर जगणाऱ्यांचा हिशेब त्या उतरत्या रेघेवरच चालतो. पिण्यासाठी किती पाणी उचलता येईल, शेतीला किती मिळेल, नदीत सोडलेलं सांडपाणी किती पातळ होईल, मासे तगतील की नाही, हे सगळं पुराचे दिवस ठरवत नाहीत. ते कोरडे दिवस ठरवतात. आणि पाऊस थांबून कित्येक आठवडे झाल्यावरही पात्रात जे पाणी वाहत असतं, त्यातलं बहुतेक जमिनीखालून झिरपून आलेलं असतं. जलशास्त्रात या वाट्याला बेसफ्लो म्हणतात.

हा वाटा किती, तो किती दिवस टिकेल आणि आजूबाजूला उपसा वाढला तर तो किती घटेल, हे सांगणारं गणित म्हणजे बेसफ्लोचं मॉडेल. अडचण अशी की बेसफ्लो थेट मोजता येत नाही. पात्रातल्या पाण्यावर ‘हे भूजल’ आणि ‘हे पावसाचं’ अशी खूण नसते. आपण मोजतो तो एकूण प्रवाह; वाटणी आपण अनुमानाने करतो. म्हणूनच कोणत्या अनुमानावर आकडा उभा आहे हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

पाणी नदीपर्यंत येतं कसं

जमिनीत मुरलेल्या पावसाचा काही भाग झाडं आणि ऊन परत घेतात. उरलेला खाली जाऊन भूजलाला मिळतो. दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्याखाली भूजलाची पातळी सहसा नदीच्या पाण्यापेक्षा वर असते, त्यामुळे जमिनीखालचं पाणी नदीच्या दिशेने सरकतं. किती वेगाने, याचा नियम फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीयोजनेवर काम केलेल्या हेन्री डार्सीने १८५६ मध्ये मांडला. वाळूने भरलेल्या नळीतून पाणी सोडून त्याने दाखवलं की प्रवाह पातळीच्या उताराच्या प्रमाणात वाढतो, आणि थर पाण्याला किती वाट देतो त्यावर अवलंबून असतो. आजची मोठमोठी भूजल मॉडेलंही याच नियमावर उभी आहेत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावरून खूप गोंधळ होतो. भूजल फार सावकाश चालतं. वाळूच्या थरातही ते दिवसाला काही सेंटिमीटर ते काही मीटर इतकंच सरकतं. मग पाऊस पडल्यावर थोड्याच वेळात नदीतला भूजलाचा वाटा कसा वाढतो? कारण पाण्याचा कण हळू चालतो, पण दाब झपाट्याने पोहोचतो. उंचवट्यावर नवं पाणी मुरलं की पातळी चढते आणि काठाजवळ आधीपासून असलेलं जुनं पाणी बाहेर ढकललं जातं. पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून जगातल्या अनेक लहान पाणलोटांत हे दिसून आलं आहे की पुराच्या वेळीसुद्धा पात्रातलं बरंच पाणी त्या पावसाचं नसून आधीचं, जमिनीत साठलेलं असतं. तेव्हा ‘नदीला भूजलाचा प्रतिसाद किती दिवसांत मिळतो’ आणि ‘नदीतलं पाणी किती जुनं आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रतिसाद काही दिवसांचा आणि पाणी काही वर्षांचं, असं एकाच नदीत असू शकतं.

टाकीचं मॉडेल, आणि ते कुठे फसतं

सगळ्यात साधं मॉडेल म्हणजे तळाशी छिद्र असलेली टाकी. भूजलाचा सगळा साठा एका टाकीत आहे असं मानायचं आणि बाहेर पडणारा प्रवाह आत उरलेल्या साठ्याच्या प्रमाणात असतो असं धरायचं. साठा अर्धा झाला की प्रवाहही अर्धा. फ्रेंच अभियंता एडमंड माये याने १९०५ मध्ये झऱ्यांच्या उतरत्या प्रवाहासाठी हेच समीकरण वापरलं, आणि आजही अनेक पर्जन्य-प्रवाह मॉडेलांच्या तळाशी अशी एखादी टाकी बसवलेली असते.

आकडे घेऊन बघू. पाऊस थांबल्यावर नदीत सेकंदाला १,००० लिटर प्रवाह आहे. ३० दिवसांनी तो ६०० लिटर उरला. टाकीच्या नियमाने दर ३० दिवसांना प्रवाह आधीच्या ६० टक्के होतो. म्हणजे ६० व्या दिवशी ३६० लिटर आणि ९० व्या दिवशी २१६ लिटर. दर महिन्याला ४०० लिटर कमी होतील असं सरळ वजा करत गेलो असतो तर तिसऱ्या महिन्यातच नदी कोरडी ठरली असती. याच आकड्यांतून साठाही काढता येतो. या टाकीचा कालांक, म्हणजे प्रवाह मूळच्या साधारण ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ, सुमारे ५९ दिवस येतो. प्रवाहाला या काळाने गुणलं की सुरुवातीचा साठा मिळतो: जवळपास ५० लाख घनमीटर. त्यातलं २० लाख घनमीटर पाणी पहिल्या महिन्यातच निघून गेलं. लक्षात घ्या, हा फक्त नदीच्या पातळीच्या वरचा, नदीकडे येऊ शकणारा साठा आहे. त्याखालचं भूजल या हिशेबात येतच नाही.

एका आलेखावरून जमिनीखालच्या साठ्याचा अंदाज मिळतो ही मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. विहीर न खणता, फक्त नदी कशी ओसरते ते पाहून.

पण खरा जलधर, म्हणजे पाणी साठवणारा आणि वाहू देणारा खडकाचा किंवा गाळाचा थर, टाकीसारखा वागेलच असं नाही. पाणी उतरत जातं तसा वाहता थर पातळ होतो आणि पातळीचा उतारही मंद होतो. या दोन्ही गोष्टी एकदम घडतात तेव्हा प्रवाह साठ्याच्या साध्या प्रमाणात राहत नाही. आडव्या अभेद्य तळावर बसलेल्या थराचं हे गणित जोसेफ बूसिनेस्कने १९०४ मध्ये सोडवलं. त्यात प्रवाह आधी टाकीसारखाच घटतो, पण पुढे घट मंदावते. वरच्याच उदाहरणात पहिल्या महिन्याची १,००० वरून ६०० ही घट बूसिनेस्कच्या वक्राला बसवली तर ६० व्या दिवशी ४०० लिटर येतात. टाकीचं उत्तर होतं ३६०. फरक फार नाही. पण १८० व्या दिवशी टाकी सांगते ४७ लिटर आणि बूसिनेस्कचा वक्र सांगतो १३३ लिटर. पहिला महिना दोघांनीही अगदी बरोबर जुळवला होता. सहा महिन्यांनी एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. एका महिन्याच्या नोंदीवरून पुढच्या टंचाईचा आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण स्वतः सोडवून बघावं.

मग कोणता वक्र घ्यायचा? १९७७ मध्ये ब्रुटसार्ट आणि नीबर यांनी यासाठी एक चांगली युक्ती काढली. ओसरणं नेमकं कोणत्या दिवशी सुरू झालं हे ठरवणं नेहमीच वादाचं असतं. त्यांनी तारीखच गणितातून काढून टाकली. आडव्या अक्षावर प्रवाह आणि उभ्या अक्षावर तो प्रवाह किती वेगाने घटतो आहे, असं अनेक वर्षांच्या नोंदी घेऊन लॉग-प्रमाणावर, म्हणजे जिथे प्रत्येक सारखी पायरी दहापट वाढ दाखवते अशा आलेखावर, मांडायचं. टाकीसारखी नदी असेल तर बिंदूंच्या रेषेचा चढ १ येतो. बूसिनेस्कच्या वक्रासारखी असेल तर १.५. प्रत्यक्षात बिंदूंचा ढगच मिळतो, आणि त्या ढगाचा आकार खूप काही सांगतो. उन्हाळ्यातले बिंदू वर सरकलेले दिसले तर काठावरची झाडं भूजल थेट उचलत असण्याची शक्यता मोठी. अशा ओढ्यांत दुपारनंतर प्रवाह थोडा घटतो आणि रात्रीत पुन्हा सावरतो, इतकी ही गोष्ट मोजण्यासारखी असते.

ओसरण्याचा वेग थरावर कसा अवलंबून असतो, तेही पाहू. नदीपासून भूजलाच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर, थराची पाणी वाहून नेण्याची क्षमता आणि पातळी एक मीटर उतरली तर थर किती पाणी सोडतो, या तीन गोष्टी मिळून वेळ ठरतो. त्यात अंतराचा वर्ग येतो. अंतर दुप्पट झालं की ओसरायला चौपट वेळ. ओढ्यांचं दाट जाळं असलेला डोंगराळ पाणलोट लवकर का आटतो, याचं एक मोठं कारण इथे आहे. दुसरं कारण खडकात. स्वच्छ वाळू आपल्या आकारमानाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी सोडू शकते. बेसाल्ट किंवा ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकात पाणी फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात असतं. तिथे हा आकडा बहुधा १ ते ३ टक्क्यांच्या आसपास राहतो. इंग्लंडमधल्या चुनखडीच्या, म्हणजे चॉकच्या भागातल्या काही नद्यांत वर्षभराच्या प्रवाहातला ९० टक्क्यांहून अधिक वाटा बेसफ्लोचा धरला जातो. चिकणमातीच्या पाणलोटात तो त्याच्या एका छोट्या हिश्श्याइतका असतो.

आलेख कापण्याची पद्धत

कोरड्या काळात सगळा प्रवाहच बेसफ्लो मानता येतो. पावसाळ्यात मात्र पृष्ठभागावरून आलेलं पाणी आणि भूजल मिसळलेलं असतं, आणि वर्षाचा एकूण वाटा काढायचा तर आलेख कुठेतरी कापावाच लागतो. ब्रिटनमध्ये १९८० मध्ये रूढ झालेल्या पद्धतीत रोजच्या प्रवाहाचे पाच-पाच दिवसांचे गट करतात, प्रत्येक गटातला किमान आकडा घेतात, त्यातले शेजाऱ्यांपेक्षा खाली असणारे बिंदू निवडतात आणि ते रेषेने जोडतात. त्या रेषेखालचा भाग बेसफ्लो. दुसरी पद्धत डिजिटल फिल्टरची. लाइन आणि हॉलिक यांनी १९७९ मध्ये ती सुचवली. प्रवाहातले झटपट चढउतार म्हणजे पृष्ठवाह आणि संथ भाग म्हणजे बेसफ्लो, असं ती मानते. तिच्यातला ०.९२५ हा गुणक इतका रुळला आहे की तो कुठून आला हे कुणी विचारतच नाही.

२००५ मध्ये एकहार्टने या फिल्टरला जास्त शिस्त लावली. त्याच्या सूत्रात दोन आकडे लागतात: ओसरण्याचा गुणक, जो आलेखावरून काढता येतो, आणि बेसफ्लोच्या वाट्याची कमाल मर्यादा. सच्छिद्र थरावरच्या बारमाही ओढ्यासाठी ०.८०, तशाच थरावरच्या हंगामी ओढ्यासाठी ०.५० आणि कठीण खडकावरच्या बारमाही ओढ्यासाठी ०.२५ अशा मर्यादा त्याने सुचवल्या. पद्धत सोपी आहे, संगणकावर क्षणात चालते. पण उत्तर या मर्यादेच्या आसपासच येतं. म्हणजे जे शोधायचं होतं तेच जवळपास आधी भरून दिलेलं असतं. एकाच नदीला दोन वेगळ्या पद्धती लावून येणाऱ्या उत्तरांची तुलना करायला फिल्टर ठीक आहे. ‘या नदीत भूजल ६२ टक्के’ असं फक्त त्याच्या भरवशावर जाहीर करणं चूक आहे.

फिल्टरला आणखी एक गोष्ट कळत नाही: संथ येणारं सगळंच पाणी भूजल नसतं. धरणातून सोडलेलं पाणी, शहराचं सांडपाणी, वितळणारा बर्फ, पूर आला तेव्हा काठात शिरून नंतर परत आलेलं पाणी, हे सगळं आलेखावर संथच दिसतं.

याला उतारा म्हणजे पाण्याचं रसायन. भूजल खडकातून जाताना क्षार विरघळवतं, म्हणून त्याची विद्युत वाहकता पावसाच्या ताज्या पाण्यापेक्षा जास्त असते. समजा पृष्ठवाहाची वाहकता १०० एकक, भूजलाची ६०० आणि नदीत मोजली ४००. पृष्ठवाहापेक्षा नदी ३०० ने वर आहे, आणि भूजल ५०० ने. म्हणजे त्या क्षणी नदीत भूजल ६० टक्के. यातही दोन्ही टोकांचे आकडे वर्षभर स्थिर राहतात हे गृहीत धरलेलं असतंच, पण निदान ते गृहीतक प्रत्यक्ष पाणी तपासून पडताळता येतं. रेडॉन वायू त्याहून नेमका. तो खडकातल्या रेडियमपासून भूजलात मिसळतो, नदीत आल्यावर हवेत उडून जातो आणि त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं आहे. त्यामुळे पात्रात जिथे रेडॉन अचानक जास्त मिळतो, तिथे जवळपासच भूजल आत येत असतं.

उपसा आला की टाकी पुरत नाही

टाकीच्या मॉडेलची एक मर्यादा मूलभूत आहे. त्यात प्रवाह कमी कमी होत जातो, पण शून्य कधीच होत नाही. खऱ्या नद्या आटतात. भूजलाची पातळी पात्राच्या खाली गेली की दिशाच उलटते: नदी भूजलाला पाणी देऊ लागते. हे दाखवायला थराचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात डार्सीचा नियम लावणारी मॉडेलं लागतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९८० च्या दशकात तयार केलेलं मॉडफ्लो हे त्यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं. त्यात नदी आणि थर यांच्यातली देवाणघेवाण दोन पातळ्यांमधल्या फरकाला तळाच्या गाळाच्या पारगम्यतेने गुणून काढतात. पातळी गाळाच्याही खाली गेली की गळती वाढायची थांबते, ठरावीक दराने चालू राहते. हा गाळ प्रत्यक्षात क्वचितच मोजलेला असतो, आणि उत्तर त्याच्यावर भलतंच अवलंबून असतं.

विहिरीच्या उपशाचा नदीवर होणारा परिणाम मात्र एका छोट्या सूत्रातूनही कळतो. थाइसने १९४१ मध्ये ते मांडलं, ग्लोव्हर आणि बामर यांनी १९५४ मध्ये त्याला वापरायला सोपं रूप दिलं. नदीपासून ५०० मीटरवर बोअर आहे, थर मध्यम वाहक आहे असं धरून मी हिशेब केला: थराची पाणी वाहून नेण्याची क्षमता दिवसाला १०० चौरस मीटर, पाणी सोडण्याचं प्रमाण १० टक्के. पंप सुरू होऊन ३० दिवस झाले तेव्हा उपसलेल्या पाण्यापैकी फक्त ४ टक्के नदीच्या वाट्यातून येतं. १०० व्या दिवशी २६ टक्के. २५० व्या दिवशी ४८ टक्के. १,००० व्या दिवशी ७२ टक्के.

आता १०० व्या दिवशी पंप बंद करा. नदी लगेच सावरेल असं वाटतं. सूत्र सांगतं की आणखी ३० दिवसांनी नदीतली घट २६ वरून जवळपास २९ टक्क्यांवर गेलेली असेल, म्हणजे पंप बंद असताना वाढलेली असेल. थरात पडलेला खड्डा भरून निघेपर्यंत तो नदीच्या वाट्याचं पाणी ओढतच राहतो. नदी आटायला लागल्यावर उपशावर बंदी घालून त्याच हंगामात नदी वाचवता येईल, ही अपेक्षा अशा बोअरच्या बाबतीत गणितात बसत नाही. बंदी कित्येक महिने आधी लागते. सूत्र आदर्श परिस्थितीचं आहे, थर एकसारखा आणि नदी त्याला पूर्ण भिडलेली असं धरणारं. तरी ही उशिराची चाल खऱ्या थरांतही तशीच दिसते.

मॉडेल कोणत्या दिवसांवर तपासायचं

मॉडेल किती चांगलं आहे हे सांगायला नॅश आणि सटक्लिफ यांचा १९७० चा निर्देशांक सर्रास वापरतात. त्यात मॉडेल आणि मोजणी यांच्यातल्या फरकांचे वर्ग करून बेरीज घेतात. वर्गामुळे काय होतं बघा. पुराच्या एका दिवशी प्रवाह सेकंदाला ५०० घनमीटर होता आणि मॉडेलची चूक ५ टक्के, म्हणजे २५ घनमीटर. वर्ग झाला ६२५. कोरड्या दिवशी प्रवाह ०.२ होता आणि मॉडेलने ०.४ सांगितला, म्हणजे थेट दुप्पट. फरकाचा वर्ग ०.०४. पुराच्या त्या एका दिवसाच्या किरकोळ चुकीइतकं वजन यायला असे १५,६२५ कोरडे दिवस लागतील, ४२ वर्षांहून अधिक. निर्देशांक ०.९ असलेलं (१ म्हणजे तंतोतंत जुळणी) मॉडेल टंचाईच्या काळात निरुपयोगी असू शकतं, आणि तो आकडा बघून कुणालाही संशय येणार नाही.

यावर उपाय सोपा आहे: प्रवाहाचे लॉग घेऊन तुलना करायची, म्हणजे दुप्पट चूक पुरात आणि टंचाईत सारखीच मोजली जाते. शून्य प्रवाहाच्या दिवसांचा लॉग निघत नाही, त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. सोबत विहिरींच्या पातळ्याही जुळतात का ते पाहायला हवं, कारण वेगवेगळ्या थरांची मापं भरूनही नदीचा आलेख एकसारखा येऊ शकतो.

पण तुलना ज्याच्याशी करायची ती मोजणीच कोरड्या दिवसांत सर्वांत डळमळीत असते. मापनपट्टीवरच्या पातळीवरून प्रवाह काढतात, आणि उथळ पाण्यात दोन सेंटिमीटरचा फरकही प्रवाहात मोठा फरक दाखवतो. तळाशी गाळ साचला किंवा शेवाळ वाढलं तरी पातळी बदलते. म्हणून पाऊस नसलेल्या एकाच दिवशी नदीकाठाने चालत जाऊन अनेक ठिकाणी प्रवाह प्रत्यक्ष मोजण्याला पर्याय नाही. वरच्या ठिकाणी १२० लिटर, खालच्या ठिकाणी १५०. मध्ये एका ओढ्याने १० आणले आणि एका पंपाने ५ नेले. म्हणजे त्या टप्प्यात जमिनीखालून २५ लिटर आले. प्रत्येक मोजणीत ५ टक्के चूक धरली तर या २५ ला सुमारे १० लिटरची अनिश्चितता चिकटते. मॉडेलमध्ये २५ सोबत तो १० चा आकडाही भरायचा, आणि पुढच्या कोरड्या हंगामात त्याच ठिकाणी पुन्हा मोजायचं.